सतरा हॉस्पिटलं

चारुदत्त,

तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तुझं ते मशीनमधलं इंग्रजी ऐकलं, आत्ता बोलू शकत नाही, निरोप ठेवा. मशीनशी बोलायची मला सवय नाही आणि या वयात लावूनही घ्यायची नाही. म्हणून लिहिते. बेलव्ह्यूला पाऊस फार, तब्येत सांभाळ, प्रतिमाला आशीर्वाद, इशिताला पापा. झालं. आता कामाचं.

तुझ्याबद्दल लिहून ठेवायचं मी ठरवलंय. तू काही मोठा माणूस नाहीस. देवळाच्या कमिटीत नाहीस, मंडळाच्या नाटकात नाहीस. गणपतीत सतरंज्या घालायला सगळ्यांच्या आधी आणि गुंडाळायला सगळ्यांच्या शेवटी, एवढीच तुझी डब्लिनमधली कीर्ती. अशा माणसांवर कोणी लिहीत नाही. शिवाय मी जे लिहिणार आहे त्यात तू फारसा चांगला दिसणार नाहीस. मी तर त्याहून नाही. ज्यांनी तुला पाहिलेलं नाही त्यांनाही समजायला हवं, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुझीच गोष्ट तुला ऐकावी लागेल. ऐक.

हे गेल्यावर, दोन हजार तीन साली, माझ्या मुलाने, सुशांतने, मला नागपूरहून इथे ओहायोतल्या डब्लिनला आणलं. एकतीस वर्षं कॉलेजची लायब्ररी सांभाळलेली बाई मी. इथे आल्यावर कळलं, की ज्याला गाडी चालवता येत नाही त्याची या गावात किंमत सोफ्याएवढी. कोणीतरी हलवेल तेव्हा हलायचं. सुशांत आणि सून रेणू दोघं नोकरीवर, मी खिडकीत. अशात सत्यनारायणाला तू आलास, प्रसादाची वाटी हातात धरून कोपऱ्यात उभा राहिलास, आणि निघताना म्हणालास, "मावशी, दर शनिवारी इशिताला पोहायला सोडतो. वाटेत लायब्ररी आहे. तुम्हाला सोडत जाऊ का?"

पाच वर्षं सोडलंस. बर्फातसुद्धा. गाडी लावली की कुलूप लागलंय का ते दोनदा ओढून पाहायचास, चार पावलं जाऊन परत येऊन तिसऱ्यांदा. मी ओरडायची, "अरे, लागलंय!" तू म्हणायचास, "हो मावशी, लागलंयच," आणि तरी ओढायचास.

पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं, "तू करतोस तरी काय?"

"डेटा वेअरहाऊसमध्ये आहे."

"म्हणजे गोदामात?"

"गोदामच. फक्त आत आकडे असतात."

"काय करता त्यांचं?"

मग तू सिग्नलला थांबून, स्टिअरिंगवर बोटाने चौकोन काढत समजावलंस. तुमची कंपनी हॉस्पिटलांना सामान पुरवते. हातमोजे, सुया, सलाइनच्या नळ्या. रोज विक्रीच्या हजारो ओळी गोदामात येतात, पण त्या ओळींत नुसते नंबर असतात. अमुक नंबरच्या गिऱ्हाइकाने तमुक नंबरचा माल घेतला, इतकंच. तो नंबर म्हणजे कुठलं हॉस्पिटल, कुठल्या गावचं, तिथे कंपनीतर्फे विक्रीला कोण जातं, हे सगळं वेगळ्या यादीत. ती यादी म्हणजे मास्टर डेटा. आधी यादी भरायची, मगच विक्री ओतायची. प्रत्येक ओळ यादीकडे जाते, आपला नंबर शोधते आणि नाव-गाव घेऊन येते. या शोधण्याला तुम्ही लुकअप म्हणता.

"मग यात नवीन काय आहे?" मी म्हटलं. "आधी कॅटलॉगचं कार्ड, मग पुस्तक कपाटात. आम्ही एकतीस वर्षं हेच केलं. आणि यादीत नंबर सापडलाच नाही तर?"

"तर ते ओतणं, म्हणजे लोड, अडतो. सकाळी आठला वरच्यांना रिपोर्ट हवा असतो. मग सिस्टिम त्या नंबरचं एक कोरं कार्ड आपोआप बनवते. नाव नाही, गाव नाही, काही नाही. ओळ आत जाते. लोड हिरवा होतो. सगळे खूश."

"आणि ते कोरं कार्ड नंतर भरतं कोण?"

तू जरा लाजलास. "तसं कोणी नाही. मी भरतो."

मला तू आवडलास तो तेव्हा. लगेच सांगितलं नाही, कारण अशा गोष्टी सांगितल्या की माणसं चढतात.

ही कार्डं तू कशी भरायचास तेही लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. दुपारी जेवणाचा डबा उघडायच्या आधी तू त्या दिवसाचे कोरे नंबर कागदावर घ्यायचास आणि फोन लावायचास. ऑफिसातली बाकीची मंडळी ई-मेल टाकून मोकळी व्हायची आणि उत्तर येत नाही म्हणून कुरकुरायची. तुला उत्तर मिळायचं, कारण तू डार्लीनला फोन करायचास.

डार्लीन म्हणजे कंपनीची जुनी सेल्सबाई. झेन्सविलला राहायची आणि तिथून खाली नदीपर्यंतच्या डोंगराळ भागातली लहान लहान हॉस्पिटलं बघायची. बावीस वर्षं त्याच रस्त्यांवर. तू नंबर सांगायचास, ती नाव सांगायची. वर हेही सांगायची, की त्यांची मागची बाजू पाण्यात गेली म्हणून पत्ता बदललाय, आणि तिथली मेट्रन कडक आहे पण तिला सफरचंदाच्या पायचा डबा दिला की विरघळते. तुला ती चार्ली म्हणायची. "चार्ली, हनी, आज किती अनाथ पोरं आहेत तुझ्याकडे?" कोऱ्या कार्डांना ती अनाथ पोरं म्हणायची. तिच्या आवाजाची तू गाडीत नक्कल करून दाखवायचास, आणि तुला नक्कल अजिबात जमायची नाही. नाताळात तिने इशितासाठी घरी केलेल्या बकाय, म्हणजे दाण्याचं लोणी भरलेल्या, चॉकलेटांचा खोका पाठवला होता. त्यातली चार मी खाल्ली. तिला तू कधी पाहिलं नव्हतंस. एक तासाच्या अंतरावर राहणारी बाई, तीन वर्षं रोज बोलणं, आणि तोंड पाहिलेलं नाही. तुमच्या कामाची ही तऱ्हा मला कधी समजली नाही.

तुझ्या घरचंही सांगते. प्रतिमा वर्ध्याला शाळेत विज्ञान शिकवायची. तुझ्या व्हिसावर आली आणि तिला इथे नोकरीची बंदी. पहिलं वर्ष पडदे शिवण्यात गेलं, दुसरं केक शिकण्यात, तिसऱ्या वर्षी ती काही शिकायचीच बंद झाली. एकदा मी तुमच्याकडे आले तर ती इशिताच्या सहावीच्या पुस्तकातली प्रश्नोत्तरं वहीत सोडवत बसली होती. इशिताने तिला सांगितलं, "Mom, that's not even due." प्रतिमा म्हणाली, "मला माहितेय," आणि पुढचा प्रश्न घेतला. ग्रीन कार्ड आलं की ती शिकवणार होती. तुमच्या घरात प्रत्येक वाक्य 'कार्ड आलं की' असं सुरू व्हायचं.

आणि कार्ड कंपनीच्या हातात. नोकरी गेली तर अर्ज गेला, अर्ज गेला तर बिऱ्हाड उचलून परत. तुला त्याची धास्ती का होती तेही मला ठाऊक आहे. दोन हजार एक साली आलास, आणि अडीच महिन्यांत तुझ्या पहिल्या कंपनीने दहा जणांना एका खोलीत बोलावून नोकरी संपल्याचं सांगितलं. न्यू जर्सीत पाच जणांबरोबर एका खोलीत, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, आणि एकच फोन, तो वाजला की सहा जण उठायचे. त्या दिवसांबद्दल तू एवढंच म्हणाला होतास, "मावशी, तेव्हापासून मला कोणी 'जरा आत ये' म्हटलं की घाम फुटतो."

आता ती चूक.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये कंपनीने विक्रीची हद्द नव्याने आखली. डार्लीनकडची सतरा हॉस्पिटलं काढून कोलंबसच्या एका नव्या पोराला दिली. ठीक आहे, कंपनीची मर्जी. तू यादीत ते बदललंस. सतरा नंबरांपुढे डार्लीनचं नाव होतं, तिथे त्याचं आलं. ते बरोबरच होतं.

मे महिन्यात वरच्यांना रिपोर्टात दोन नवीन रकाने हवे झाले. त्यासाठी गोदाम रिकामं करून मागची तीन वर्षांची विक्री पुन्हा ओतायची होती. ओतली. प्रत्येक जुनी ओळ यादीकडे गेली, आपला नंबर शोधला आणि सेल्समनचं नाव घेऊन आली. लुकअप कुठल्या तारखेची यादी बघणार, विक्री झाली त्या दिवसाची की आजची, हे सांगायची एक बारीकशी जागा असते म्हणालास. ती बदलायची तुझ्याकडून राहिली. यादी बघितली गेली ती आजची. म्हणजे दोन हजार तीन साली डार्लीनने डोंगरातून गाडी चालवत जाऊन जे विकलं, ते सगळं त्या पोराच्या नावावर गेलं. तेव्हा तो कंपनीत नव्हताच.

आणि कोणाला कळलं नाही, कारण तुमची तपासायची रीत. ओतण्याआधी किती ओळी होत्या, ओतल्यावर किती आहेत. आधी एकूण विक्री किती, नंतर किती. दोन्ही बेरजा जुळल्या. पैशाचाही फरक नव्हता. जुळणारच. एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घातलं तर घरातली बेरीज कशी बदलेल? तुमच्या मॅनेजरने, विक्रमने, सही केली, आणि तुम्ही सगळे पिझ्झा खायला गेलात.

ऑगस्टमध्ये कंपनीने मागच्या तीन वर्षांत मागे पडलेल्यांची यादी काढली. गोदामातूनच. तळाशी डार्लीन.

तिने तुला फोन केला होता. हे तू मला फार उशिरा सांगितलंस. ती म्हणाली, "चार्ली, हनी, ते म्हणतायत मी काही विकलंच नाही. माझ्या वह्या आहेत, पण वह्या कोणीही लिहितं म्हणतात. जुनी ऑर्डरची सिस्टिम बंद झालीय. तू जरा बघशील?"

तू पाहिलंस. ओळी मोजल्यास, बेरीज केलीस. जुळली. आणि तिला सांगितलंस, "मी स्वतः तपासलं, डार्लीन. आकडे बरोबर आहेत."

ती म्हणाली, "तू म्हणतोस म्हणजे असतील."

सप्टेंबरात तिला काढलं. त्या दिवसापासून कोऱ्या कार्डांसाठी फोन करायला तुला कोणी उरलं नाही.

नोव्हेंबरातला तो शनिवार मला लख्ख आठवतो. तू कुठल्याशा नव्या रीलोडबद्दल, गोदाम पुन्हा ओतण्याबद्दल, बोलत होतास, आणि मी, अर्धं लक्ष देऊन, माझ्या लायब्ररीचं पुराण लावलं होतं. आमच्याकडे भूगोल विभागाची पुस्तकं एका वर्षी अर्थशास्त्राकडे वर्ग केली. मी शिपायाला बसवून प्रत्येक कार्डावर तारखेचा शिक्का मारून घेतला होता, या तारखेपर्यंत भूगोल, या तारखेपासून अर्थशास्त्र. प्राचार्य म्हणाले, अहिल्याबाई, कशाला एवढा खटाटोप? मी म्हटलं, उद्या कोणी विचारलं की भूगोलाच्या पोरांनी पाच वर्षांत काय वाचलं, तर तुम्ही सांगाल काहीच नाही, आणि अर्थशास्त्रवाले न वाचलेल्या पुस्तकांवर मिरवतील. आणि मग मी तुला सहज विचारलं, "तुमच्या यादीत नाव बदललं, तर जुनी विक्री कोणाच्या नावावर राहते रे?"

लायब्ररीचं वळण मागे गेलं. मी म्हटलं, "अरे, गेलं की!" तू पुढे चालवत राहिलास. मग एका पेट्रोल पंपावर गाडी उभी केलीस आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलास. इशिता मागच्या सीटवरून म्हणाली, "Baba, I'm gonna be late."

तू सोमवारी विक्रमकडे गेलास. तिथे काय झालं ते पुढच्या शनिवारी, इशिताला आधी सोडून, लायब्ररीच्या पार्किंगमध्ये, इंजिन चालू ठेवून सांगितलंस. विक्रम दादरचा, कार्ड मिळालेला, घर घेतलेला. त्याने दार लावून घेतलं म्हणालास.

"बेरीज जुळतेय ना, यार?"

"बेरीज जुळतेय. नावं चुकलीयत. ती बाई त्यामुळे गेली."

"बाईचं वय किती? छप्पन? ती जाणारच होती. हे नाही तर दुसरं काही काढलं असतं."

"विक्रम, मी तिला सांगितलं आकडे बरोबर आहेत म्हणून."

"मग? तुला तेव्हा तसंच वाटलं. हे बघ चारू, तू हे उघडलंस तर पहिला प्रश्न, कोणी केलं? दुसरा प्रश्न, सही कोणाची? तुझे पेपर कुठल्या स्टेजला आहेत सध्या?"

तू म्हणालास, अडकलेत.

"मग लुकअप गुपचूप नीट कर. जानेवारीच्या रीलोडला आपोआप बरोबर होईल. कोणाला त्रास नाही."

हे सांगून तू माझ्याकडे वळलास. "मावशी, मी काय करू? तुम्ही सांगाल ते करतो."

इथे मला थांबून लिहावं लागतंय. मी काही भोळी बाई नाही. काय बरोबर ते मला त्या क्षणी समजत होतं. कॉलेजात एका क्लार्कने माझ्यावर बालंट आणलं होतं तेव्हा मी विद्यापीठापर्यंत भांडले होते. पण माझ्या डोळ्यांपुढे प्रतिमा होती, सहावीची प्रश्नोत्तरं सोडवणारी. आणि ती दुसरी बाई कोण, कुठली, मी पाहिलेली नाही. मी म्हटलं, "गप्प बस. कार्ड हातात येऊ दे. मग काय सांगायचं ते सांग जाऊन. ती कुठे पळून जात नाही."

अगदी असंच म्हणाले. घाईघाईत, दाराची कडी उघडता उघडता, कारण लायब्ररी एकला बंद व्हायची.

तू मान हलवलीस. तू सुटल्यासारखा दिसलास, हेही लिहून ठेवते. राग येवो तुला.

जानेवारीत तू लुकअप दुरुस्त केलास. सतरा हॉस्पिटलांची तीन वर्षांची विक्री डार्लीनच्या नावावर परत आली. पण रिपोर्टात नोकरी सोडलेल्यांची नावं दिसत नाहीत म्हणे. त्यामुळे ती गोदामात नीट, जागच्या जागी होती, आणि कोणाला दिसत नव्हती. तिच्या कार्डावर शेवटची तारीख पडली होती, पंधरा सप्टेंबर.

त्यानंतर तू कोरी कार्डं भरणं सोडलंस. मी विचारलं तर म्हणालास, "लोड हिरवा असतो मावशी. पुरे आहे." जेवणाच्या डब्याची वेळ तेवढी लवकर झाली. पोट सुटलं. गाडीचं कुलूप आता एकदाच ओढायचास, आणि त्याचंही मला बरं वाटलं नाही.

सन दोन हजार सातच्या उन्हाळ्यात सरकारने एकाएकी अर्जांचं दार उघडलं. निम्मं डब्लिन फोटो काढायला आणि लसी टोचून घ्यायला धावत होतं, तुम्हीही धावलात. प्रतिमाला कामाची परवानगी मिळाली. ती एका माँटेसरीत लागली, आणि महिन्याभरात तिचा आवाज चढला. शिकवणाऱ्या बाईचा आवाज, तो मला बाहेरून ओळखू येतो. मला आनंद झाला. तुलाही झाला असणार. पण तेव्हा तू सांगायला गेला नाहीस आणि मी आठवण केली नाही. कार्ड अजून यायचं होतं ना. आपण तसं ठरवलं होतं.

कार्डं आली दोन हजार आठच्या ऑगस्टात. तुमच्याकडे जेवण केलंत, प्रतिमाने पाटोड्यांची भाजी केली, पंचवीस माणसं. विक्रमही होता. त्याने सगळ्यांदेखत तुझ्या पाठीवर थाप मारली. "आता तू फ्री बर्ड, यार. आता कोणाला घाबरू नको." सगळे हसले. तू सतरंजीची घडी करत होतास.

मग ऑक्टोबरात एका गुरुवारी तुझा फोन आला. "मावशी, शनिवारी लायब्ररी नको. झेन्सविलला जाऊ. तुम्ही चला. मी एकटा दारात उभा राहिलो तर ती दार उघडेल की नाही, सांगता येत नाही. म्हातारं माणूस बरोबर असलं की उघडतात."

"मला म्हातारं म्हणतोस?"

"हो," म्हणालास. दोन वर्षांत पहिल्यांदा तुझ्या आवाजात जीव वाटला.

तू पाकीट घेऊन आलास. आत नीट केलेला रिपोर्ट, तिन्ही वर्षांचा, सतराच्या सतरा हॉस्पिटलांचा, प्रत्येकापुढे तिचं नाव. वर तुझं दीड पानाचं पत्र. चूक माझी होती, अशी झाली, तुम्ही हे घेऊन वकिलाकडे जा, मी साक्ष द्यायला येईन. मी वाचलं. इंग्रजी चांगलं होतं तुझं. कुठे लपवालपवी नव्हती. फक्त चूक कधी सापडली ती तारीख नव्हती. मी ते बोलले नाही.

मी दशम्या आणि लसणाची चटणी घेतली होती. कोलंबस मागे पडलं, मका कापून झालेली शेतं लागली, करडी, रिकामी. तू वाटेत तिसऱ्यांदा पत्ता म्हणून दाखवलास. अर्ध्या वाटेवर रेस्ट एरियात गाडी घेतलीस, म्हणालास, खाऊन घेऊ, तिथे जाऊन भूक लागायला नको. बाहेर वारा होता, म्हणून गाडीतच बसलो. मी दशमी हातात दिली. तू ती धरून ठेवलीस.

"मावशी, ती विचारेल, कधी कळलं?"

"विचारेल."

"काय सांगू?"

मी चटणीच्या डब्याचं झाकण लावलं.

"आठवड्यात गेलो असतो तर ती चूक होती," तू म्हणालास. "दोन वर्षांनी जातोय. आता ती चूक नाही राहिली. आता मी तिला सांगणार, की तुझा इन्शुरन्स, तुझी बचत, तुझं सगळं जात होतं तेव्हा मला माहीत होतं, आणि मी माझ्या कार्डाची वाट बघत होतो."

"तुझ्या नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं होतं थांब म्हणून. तसं सांग तिला. माझ्यावर घाल."

"तुमच्यावर कसं घालू?" असं म्हणून तू हसलास. ते हसणं मला नाही विसरता यायचं. "ऐकणारा मीच होतो ना."

समोर एक ट्रकवाला कुत्र्याला फिरवत होता. आपण दोघं त्या कुत्र्याकडे बघत बसलो. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मी, जिला दोन मिनिटं कोणाची वाट बघवत नाही, एक शब्द बोलले नाही. 'चल, सुरू कर गाडी,' एवढंच म्हणायचं होतं. तू त्याचीच वाट बघत होतास, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तिच्या दारात मलाही उभं राहायचं होतं ना. माझ्याकडेही ती बघणार होती.

शेवटी तू म्हणालास, "परत फिरू या आज. पुढच्या शनिवारी जाऊ."

मी म्हटलं, "बरं."

परतीला रेडिओ लावलास. घरी सोडताना म्हणालास, पाकीट तुमच्याकडेच राहू दे, प्रतिमाच्या हाती लागायला नको, तिला अजून यातलं काही माहीत नाही. पुढच्या शनिवारी इशिताची स्पर्धा निघाली. त्याच्या पुढच्या शनिवारी माझा डोळा दाखवायचा होता, तो सोमवारी दाखवला तरी चाललं असतं. नोव्हेंबरात कळलं, तुला पार पश्चिम टोकाला, बेलव्ह्यूला नोकरी मिळाली. निरोपाला आलास तेव्हा सुशांत आणि रेणू घरात होते. आपण हवेबद्दल बोललो. पाकिटाचं तू विचारलं नाहीस, मी काढलं नाही.

तुला मी फोन केले ते त्या पाकिटासाठी, ते अजून माझ्याचकडे आहे. दुसरं काही नाही. सुशांतला गाडी काढ म्हटलं तर कशाला ते सांगावं लागेल. पोस्टात टाकायला बाहेर पडले, दोनदा, आणि पेटीपाशी जाऊन परत आले. ते हातात द्यायचं असं ठरलं होतं, दोघांनी जाऊन. वर फक्त तिचं नाव आहे. पत्ता लिहिलेला नाही, कारण पत्ता तुला पाठ होता.